घाटातले एक आडनाव

लोणावळ्याची माहिती देणाऱ्या पुस्तिकांत एक वाक्य वर्षानुवर्षे छापले जात आहे : मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी 1871मध्ये लोणावळा शोधून काढला. या आडनावाचे दोन गव्हर्नर मुंबईला होऊन गेले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827मध्ये पदावरून गेले आणि 1859मध्ये वारले. लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन 1860मध्ये वारले. म्हणजे 1871मध्ये या दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. शिवाय त्याआधी आठ वर्षांपासून बोरघाटातून आगगाडी जात होती. वलवण, लोणावळे, खंडाळा ही नांदती गावे होती, त्यांना शोधण्याचा प्रश्नच नव्हता. हे वाक्य पुस्तिकांतून आता काढून टाकले पाहिजे. इंग्रजी आडनाव सांगायचेच असेल, तर या घाटासाठी खरोखर झिजलेले एक आडनाव आहे. ते म्हणजे ट्रेडवेल.

मूळ इंग्लंडातले हे आडनाव धंद्यावरून पडले. विणलेले लोकरी कापड पाण्यात भिजवून पायांनी तुडवायचे, म्हणजे ते दाट आणि घट्ट होई. हे काम चांगले करणाऱ्याला मिळालेले हे नाव मुलाकडे गेले, नातवाकडे गेले, आणि धंदा सुटल्यावरही उरले. आपल्याकडे सुतार, लोहार, साळी ही आडनावे अशीच टिकली. पुढे हे नाव प्रवासाला निघाले. सतराव्या शतकात ट्रेडवेल मॅसॅच्युसेट्समध्ये पोचले. एकोणिसाव्या शतकात जॉन ट्रेडवेल या माणसाच्या नावाने अलास्कात जुनोजवळ सोन्याची मोठी खाण सुरू झाली. 1917मध्ये तिच्यात समुद्राचे पाणी शिरले. लिहिताना या नावात कुठे एक अक्षर वाढले, कुठे गळले. पण माणूस जिथे गेला तिथे नाव नोंदले गेले, म्हणून त्याचा माग आजही काढता येतो.

त्याच नावाची एक शाखा रेल्वेची कंत्राटे घेत होती. बोरघाट चढण्याचे काम 1856मध्ये फॅव्हिएल या कंत्राटदाराने सुरू केले. 1859च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, मोठी दंगल झाली, आणि थोड्याच दिवसांत फॅव्हिएलने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आले. ते आल्यानंतर काही दिवसांतच, त्याच वर्षी वारले. परका देश, अर्धवट कोरलेले बोगदे, गेल्या मोसमात पेटून उठलेले मजूर, आणि अंगावर पडलेले प्रचंड कंत्राट, अशा स्थितीत त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांना परत जाता आले असते. त्या गेल्या नाहीत. कंत्राट त्यांनी स्वतःकडे घेतले, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघांना व्यवस्थापक नेमले आणि काम तडीला नेले. त्यांनी या कामाची छायाचित्रेही घेतली. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे असलेले हे काम त्या काळी जगभर नावाजले गेले.

अ‍ॅलिसबाईंना हे आडनाव लग्नाने मिळाले होते. ते घाटात टिकले ते मात्र त्यांच्यामुळे, नवऱ्यामुळे नव्हे. मुंबई-पुणे गाडीने रोज ये-जा करणाऱ्या हजारो बायकांना हे माहीत असायला हवे. शाळेच्या पुस्तकात बोरघाटाला एक परिच्छेद मिळाला, तर त्यात हे नाव आलेच पाहिजे.

इथवर लिहून थांबणे मात्र मला अन्यायाचे वाटते. कारण 1861मध्ये या घाटावर 42 हजारांहून अधिक माणसे राबत होती. कोकणातून वर आलेली, देशावरून खाली उतरलेली, बायकापोरांसकट आलेली. पुरुष सुरुंगाची भोके पाडत, बायका डोक्यावरून माती वाहत. पाऊस लागला की काम बहुतेक थंडावे आणि माणसे पांगत, उघाडीला पुन्हा जमत. पटकीच्या साथीने त्यांच्यात हाहाकार केला. कड्यावरून पडून, सुरुंगाने उडून मेले ते वेगळेच. या स्थलांतराचा आकार कुठल्याही इंग्रजी घराण्याच्या स्थलांतराहून कितीतरी मोठा होता. पण ज्या इतिहासांत कंत्राटदारांची आडनावे येतात, व्यवस्थापकांची येतात, मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे येते, त्यांत यांचा फक्त आकडा येतो. बर्कलीही मार्ग पुरा होण्याआधी, 1862मध्ये वारले, आणि त्यांचा मृत्यू इतिहासात आला. घाटातली वाट इंग्रजांना दाखवणारा म्हणून लोकांनी एक नाव मात्र जपले, ते शिंग्रोबा धनगराचे. दंतकथा असेल, पण येणारेजाणारे आजही त्याच्या देवळापाशी थांबतात. त्यालाही आडनाव नाही. जात आणि धंदा तेवढा ठाऊक आहे.

त्या काळी गरिबांची नावे लिहायची रीतच नव्हती, असे म्हणून कोणी हे सोडून देऊ नये. वलवणपासून दहाएक किलोमीटरवर कार्ल्याची लेणी आहेत. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी देणगी देणाऱ्यांची नावे दगडात कोरली गेली. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठींचे नाव आहे. धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे बाहेरून येऊन इथे मिसळलेल्यांची नावे खांबांवर आहेत. आणि दरवाजा घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही आहे, बापाच्या नावासह आणि गावासह. नाव, बाप, गाव : आजही आपण माणसाची ओळख अशीच सांगतो. याच मावळात, याच सह्याद्रीच्या दगडात, सुताराला ही ओळख मिळाली होती. मग बोरघाटाच्या मजुराला ती का मिळू नये?

मराठी आडनावांतही स्थलांतराची नोंद असते, हे आपण विसरतो. गावात कोणी कोणाला गावाच्या नावाने हाक मारत नाही. बाहेर पडल्यावर, परक्या गावी किंवा पगाराच्या कागदावर, ‘कर’ जोडला जातो. कोकणातल्या बेने इस्रायलांची केहिमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे त्यांच्यासोबत मुंबईला आली आणि 1948नंतर इस्रायलपर्यंत गेली. त्या आडनावांवरून त्यांच्या नातवंडांना आजही आपले मूळ गाव सापडते. घाटात खपलेल्या मजुरांच्या वंशजांना तेवढाही धागा कोणी ठेवलेला नाही.

तेव्हा वलवण, खंडाळा, खोपोली, कर्जत आणि पळसदरीच्या वाचकांना एक विनंती आहे. आपला पणजा-खापरपणजा ‘घाटाच्या कामावर’ होता अशी आठवण घरात सांगितली जात असेल, तर ती सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या : नाव, बापाचे नाव, मूळ गाव, काम कोणते, आणि घराणे पुढे कुठे गेले. आडनाव बदलले असेल तर जुनेही लिहा. बाईमाणसांची नावे वगळू नका. कागदाची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा आणि एक वाचनालयात. रेल्वेनेही आपल्या जुन्या दप्तरांत मजुरांची हजेरीपत्रके किंवा मृत्यूच्या नोंदी उरल्या असतील, तर त्या अभ्यासकांना खुल्या कराव्यात. आणि लोणावळा स्थानकावर अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या नावाचा फलक लागावा. त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, या मजुरांची जेवढी नावे सापडतील तेवढी लिहावीत.