कवितेला छप्पर कोणाचे?

मद्याच्या गुत्त्यात कविता वाचली जाते, एवढे ऐकताच सभ्य समाजाच्या कपाळाला आठी पडते. विद्यापीठातील पंडिताला त्यात कवितेची विटंबना दिसते आणि समाजवादी चळवळीतील सदाचारी कार्यकर्त्याला व्यसनाचा प्रचार दिसतो. दोघांची कारणे भिन्न असली तरी निष्कर्ष एकच निघतो की, ही जागा कवितेची नव्हे. मग कवितेची जागा कोणती आणि ती कोणाच्या मालकीची असावी, हा सवाल मात्र दोघेही टाळतात. अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका मद्यगृहाने तोच सवाल अनेक वर्षे, आठवड्यामागून आठवडा, जगापुढे ठेवला.

शिकागोच्या अपटाउन भागात ‘ग्रीन मिल’ नावाचे जुने मद्यगृह आहे. जाझ संगीतासाठी ते प्रसिद्ध असून दारूबंदीच्या काळातील अल कपोनच्या टोळीशी त्याचे नाव जोडलेले आहे. मार्क स्मिथ या बांधकाम कामगाराने जुलै 1986 मध्ये तेथे दर रविवारी रात्री काव्यवाचन सुरू केले. मालकाने होकार दिला, कारण रविवारची रात्र धंद्याला थंड असे. या उपक्रमाला ‘स्लॅम’ हे नाव पडले आणि तीन दशकांहून अधिक काळ तो अखंड चालला. आरंभी ज्याला वाटेल त्याने मंचावर येऊन आपली कविता म्हणावयाची, मग निमंत्रित कवीने वाचावयाचे आणि शेवटी स्पर्धा व्हावयाची, असा तेथला क्रम होता. स्पर्धेसाठी परीक्षक श्रोत्यांतूनच निवडले जात. कविता रटाळ झाली की श्रोते चुटक्या वाजवीत, पाय आपटीत. स्वतः स्मिथ मंचावरून आपले नाव सांगत, तेव्हा सारे सभागृह ‘मग काय झाले?’ असे एका आवाजात ओरडे. संस्थापकालाच दर आठवड्याला असा प्रश्न विचारण्याची प्रथा किती साहित्यसंस्थांत आढळेल?

हे सारे कोणत्या काळात घडले, हेही पाहिले पाहिजे. 28 मार्च 1980 रोजी याच शहरातील ‘विस्कॉन्सिन स्टील’चा कारखाना बंद पडला आणि सुमारे 3,400 कामगार रस्त्यावर आले. त्यांच्या हाती पडलेले पगाराचे अखेरचे धनादेशही वटले नाहीत. पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, अध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या 11,000 हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले आणि साऱ्या अमेरिकन भांडवलशाहीला संघटना मोडण्याचा परवाना मिळाला. कारखाना बंद पडला की केवळ मजुरी जात नाही. संघटनेचे कार्यालय ओस पडते, कामानंतरची बैठक मोडते आणि कष्टकऱ्याला चार माणसांत बोलण्याचे ठिकाणच उरत नाही. त्याच सुमारास कविता विद्यापीठांच्या लेखनवर्गांत जाऊन बसली होती. कवी कवीसाठी लिहीत होता आणि त्याचे पुस्तक त्याच्या नोकरीच्या अर्जाला जोडले जात होते. अशा वेळी एक कामगार कविता उचलून गुत्त्यात नेतो, याला विटंबना म्हणणाऱ्यांनी आधी तिला बंद दालनात कोणी कोंडले याचे उत्तर द्यावे.

गुत्त्याचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या समाजवाद्यांना शिकागोच्याच इतिहासाची आठवण करून देणे अगत्याचे आहे. जगभर पाळल्या जाणाऱ्या मे दिनाच्या मुळाशी असलेले हे-मार्केट प्रकरण 1886 चे, म्हणजे स्मिथ यांच्या पहिल्या रविवारच्या बरोबर शंभर वर्षे आधीचे. त्या काळी शिकागोचे जर्मन कामगार ग्राइफ आणि झेफ यांच्या मद्यगृहांना लागून असलेल्या सभागृहांत जमत. आठ तासांच्या दिवसाची चर्चा तेथे झाली, कारण दुसरी जागा त्यांना कोणी दिली नव्हती. कामगार गुत्त्यात का जमतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या व्यसनात असेल. पण उरलेले अर्धे नगराच्या रचनेत आहे. ते नजरेआड करून केवळ सदाचाराचा उपदेश करणे म्हणजे मालकांची सोय पाहणे होय.

2000 साली समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांनी ‘स्लॅम’ म्हणजे कलेचा मृत्यू असा निवाडा दिला. आता कलेचे जीवन ज्यांच्या हाती सुरक्षित मानले जाते, त्यांचाही हिशेब पाहू. हॅरिएट मन्रो यांनी 1912 मध्ये शिकागोतच ‘पोएट्री’ हे मासिक काढले. समाजवादी पक्षाचे काम केलेल्या कार्ल सँडबर्ग यांना त्याने 1914 मध्ये स्थान दिले, हा त्याचा मोठेपणा कोणी नाकारू नये. पण 2002 मध्ये लिली या औषध-कारखानदार घराण्यातील वारस महिलेने त्याच्यामागच्या संस्थेला दहा कोटी डॉलरहून अधिक देणगी जाहीर केली आणि 2011 मध्ये तिची स्वतंत्र इमारत उभी राहिली. त्यानंतर जून 2020 मध्ये, वर्णद्वेषाविरुद्ध देश पेटला असता, संस्थेने चार वाक्यांचे पत्रक काढून हात झटकले. शेकडो कवींनी जाहीर पत्र लिहून या संपत्तीचा जाब विचारला, तेव्हा अध्यक्षांना आणि विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. औषधांच्या नफ्यावर उभे राहिलेले छप्पर पवित्र आणि मद्याच्या गल्ल्यावर उभे राहिलेले तेवढे अपवित्र, हा भेद कोणत्या नीतिशास्त्रात बसतो?

मात्र गुत्त्यातील कवितेचा जयजयकार करणाऱ्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. श्रोत्यांनी शून्य ते दहा गुण द्यावयाचे, ही युक्ती स्मिथ यांनी पंडितांची खिल्ली उडविण्यासाठी वापरली होती. तिला गंभीर मानले गेले आणि तेथेच घात झाला. 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तीन मिनिटांची मर्यादा, पाच परीक्षक, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून बेरीज, असे नियम पुढे रूढ झाले. 2002 पासून एका खासगी दूरचित्रवाणी वाहिनीने हाच माल घरोघरी पोचविला. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तिकीट लावून उभा राहिला. कोणत्या शब्दावर टाळी पडते आणि कोणत्या दुःखाला अधिक गुण मिळतात, हे एकदा कळले की कवी त्याच दुःखाचे उत्पादन करू लागतो. या व्यापारीकरणाविषयी खुद्द स्मिथ यांनीच नाराजी बोलून दाखविली. श्रोत्याच्या हाती गुणपाटी देणे म्हणजे लोकशाही नव्हे. त्याने श्रोत्याचे ग्राहकात रूपांतर होते. ज्याला वाटेल त्याने मंचावर यावे आणि इतरांनी त्याला ऐकावे, हा त्या रात्रीचा लोकशाही भाग होता. बाजाराने नेमका तोच सोडला आणि स्पर्धा तेवढी उचलली.

शिवाय मद्यगृह हे अखेर मद्यगृहच. एकवीस वर्षांखालील मुलामुलींना तेथे दार बंद. व्यसनाने ज्याचे घर उद्ध्वस्त झाले आहे, त्याला तेथे बसणे असह्य. कविता ऐकणाऱ्याने पेला मागवावा, ही मालकाची रास्त अपेक्षा. मार्च 2020 मध्ये साथीमुळे राज्यातील सारी मद्यगृहे बंद झाली, तेव्हा तो मंचही बंद झाला. दुसऱ्याच्या छपराखालचा संसार मालकाच्या मर्जीवर आणि धंद्याच्या तेजीमंदीवर चालतो. रविवारची रात्र थंड होती म्हणून कवितेला जागा मिळाली. ती रात्र गर्दीची असती तर काय झाले असते?

म्हणून दोष स्मिथ यांचा नाही आणि त्या मद्यगृहाचाही नाही. एका कामगाराने मिळेल त्या जागेत जे उभे केले, ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांना आणि कष्टकऱ्यांचे नाव घेणाऱ्या पक्षांना का जमले नाही, हा खरा आरोप आहे. सायंकाळी कुलूप लागणारी ग्रंथालये, केवळ निवडणुकीपुरती उघडणारी पक्ष-कार्यालये आणि पगारवाढीच्या मागणीपलीकडे न बोलणाऱ्या संघटनांची सभागृहे यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ कवितेला द्यावी. ठरलेला वार असावा, दार सर्वांना उघडे असावे, मंचावर कोणालाही येता यावे; गुण नसावेत, तिकीट नसावे आणि पेल्याची सक्ती नसावी. पुढाऱ्याने तेथे येऊन आपले नाव सांगितले, तर ‘मग काय झाले?’ असे विचारण्याची मुभा श्रोत्यांना असावी. एवढे ज्या पक्षाला पेलत नसेल, त्याने गुत्त्यात कविता वाचणाऱ्यांना नीतीचे धडे देऊ नयेत.