चौदावे कलम आणि पाण्याची घागर

राज्यशास्त्राच्या पेपरात मूलभूत हक्कांवर एक प्रश्न हमखास असतो आणि आम्ही विद्यार्थी त्याचे उत्तर तोंडपाठ करून जातो. कलम १४ : कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. पाठ करताना दोन्ही शब्दप्रयोग एकाच अर्थाचे वाटतात. माझ्या मते ते एक नाहीत.

कायद्यापुढे समानता म्हणजे कायद्याने स्वतः भेद करायचा नाही. समान संरक्षण म्हणजे दुसरा कोणी भेद करू लागला, तर कायद्याने दुर्बळाच्या बाजूला येऊन उभे राहायचे. पहिली गोष्ट कायदा नीट लिहिला की बरीचशी साधते. दुसरीसाठी मात्र कायद्याला गावात, गल्लीत, विहिरीच्या काठापर्यंत चालत जावे लागते. तेवढे चालणे अजून झालेले नाही, हेच मला येथे सांगायचे आहे.

इतिहास हेच सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले. कागदावर सारे झाले होते. पण ओंजळभर पाणी प्यायची कोणाची छाती नव्हती. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. त्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आपला वऱ्हाडही यात मागे नव्हता. त्याच १९२७ सालच्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. या लढ्यात भाग घेणारे डॉ. पंजाबराव देशमुख पुढे घटना समितीत बसले. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरीचे नाव का घालावे लागले, हे ज्याला महाड माहीत आहे त्याला सांगावे लागत नाही.

आणि तरीही २०१६ सालची गोष्ट पाहा. पूर्वी आपल्या अकोला जिल्ह्यात असलेल्या आजच्या वाशीम जिल्ह्यातील एका गावात, भर दुष्काळात, एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले, तिचा अपमान झाला. त्या मजुराने अवजारे आणली आणि रोजची मजुरी सांभाळून चाळीस दिवस एकट्याने खोदकाम केले. लोक हसले. शेवटी पाणी लागले आणि सारी वस्ती ते भरू लागली. वर्तमानपत्रांनी त्याच्या जिद्दीचे भरभरून कौतुक केले.

कौतुक मलाही आहे. पण या कौतुकात एक गोष्ट बुडून गेली. विहीर खणणारा सर्वांना ठाऊक झाला. जिची घागर रिकामी परतली तिच्या हक्काचे काय झाले, हे फार थोड्यांनी विचारले. पाणी नाकारणाऱ्यांची नावे सांगायलाही तो तयार नव्हता. गावात तंटा नको, असे त्याचे म्हणणे होते. मित्रहो, १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. असे असूनही ज्याला तक्रारीपेक्षा खडक फोडणे सोपे वाटले, त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले असे म्हणता येईल काय?

कोणी म्हणेल, विहीर खाजगी असेल तर मालकावर सक्ती कशी करणार? पंधरावे कलम सार्वजनिक विहिरींबद्दल आहे, हे खरे. पण मग सरकारचे पाणी त्या वस्तीपर्यंत का पोचले नव्हते? दुसऱ्याच्या दारी घागर घेऊन जाण्याची पाळीच का यावी? पूर्णेकाठच्या आपल्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतले पाणी तोंडात धरवत नाही, तिथे तर गोड्या पाण्याचा नळ हाच नागरिकत्वाचा पहिला दाखला आहे.

हे खेड्यातच घडते असे समजून आपण शहरवाल्यांनी निर्धास्त राहू नये. आमच्या जठारपेठेत शिकायला आलेली मुले-मुली खोली शोधत फिरतात. भाडे किती हे कळण्याआधी ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो. आडनाव सांगितले की रिकामी खोली ‘कालच दिली’ होते. माझ्या दोन मैत्रिणींनी एका आठवड्यात हे उत्तर तीन घरी ऐकले. येथे विहीर नाही, काठ नाही. रीत मात्र तीच आहे. आणि घरमालकाच्या उंबरठ्याशी पंधरावे कलम थांबते.

राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. ती विसंगती दूर करणे हे केवळ न्यायाधीशांचे काम नव्हे. वस्तीत नळ नसेल तर ग्रामसभेत तो मागितला पाहिजे. अपमान झालेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चार माणसांनी गेले पाहिजे. आणि आपल्याच घरी खोली द्यायची असेल तेव्हा वडीलधाऱ्यांना, आडनाव विचारू नका, असे सांगण्याचे धैर्य आपण विद्यार्थ्यांनी दाखवले पाहिजे. परीक्षेत कलम १४ चे गुण आपल्याला मिळतातच. पण त्या बाईची घागर भरत नाही, तोवर आपले उत्तर अपुरेच आहे.