अफवेचाही माग काढायला हवा

गोवराचा रुग्ण सापडला की आरोग्यसेविका त्या वस्तीत घरोघरी फिरते. मुलाच्या अंगावर पुरळ कधी उठले, ते कोणाकोणाबरोबर खेळले, शेजारच्या मुलांना लस मिळाली आहे का, याची नोंद होते. २०२२च्या अखेरीस मालेगावात गोवर पसरला, तेव्हा शेजारच्या सटाण्यालाही सावध राहणे भाग होते. बाजार, दवाखाना आणि नातीगोती यांमुळे या दोन गावांत रोजची ये-जा असते. रोगाचा माग काढण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. मात्र, लशीबद्दलची खोटी बातमी वस्तीत कोणत्या वाटेने शिरली, हे क्वचितच तपासले जाते. ते तपासणे हाही सार्वजनिक आरोग्याच्या कामाचाच भाग मानला पाहिजे.

अफवेने जीव जातो, हे या परिसराला नव्याने सांगायची गरज नाही. बागलाणला लागून असलेल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले. पोलिसांनी त्यांची सुटका केली. मुले पळवणाऱ्यांचे संदेश मोबाइलवर त्याआधीपासूनच फिरत होते.

अशा प्रसाराचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालिसिस, अर्थात जाळ्यांचे विश्लेषण. त्याची मूळ कल्पना सोपी आहे. प्रत्येक बातमी पोर्टल, फेसबुक पान, यूट्यूब वाहिनी किंवा वृत्तपत्र हा एक बिंदू. एकाने दुसऱ्याची बातमी उचलली, तर त्या दोघांमध्ये एक रेघ. आठवडाभराच्या बातम्या वेळेनुसार अशा मांडल्या, की तीन गोष्टी दिसू लागतात: बातमी प्रथम कोणी दिली, कोणी नुसती उचलली आणि एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गटांना कोण जोडते.

यातली पहिली गोष्ट वाचकाच्या रोजच्या अनुभवाशी निगडित आहे. एखादी बातमी दहा ठिकाणी वाचली की ती खरी वाटते. पण दहाही जणांनी ती एकाकडूनच घेतली असेल, तर साक्षीदार एकच असतो. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २००९ मध्ये बाल्टिमोर शहरातील ५३ माध्यमांचा आठवडाभर अभ्यास केला. तेव्हा तपासलेल्या दर दहापैकी आठ बातम्यांत आधी छापून आलेल्याच माहितीची पुनरावृत्ती आढळली. तालुक्याच्या गावात शीर्षक आणि फोटोखालचे नाव बदलून तोच मजकूर फिरताना पाहिलेल्या वाचकाला याचे फारसे नवल वाटणार नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांच्या प्रसाराचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागत होता. म्हणजे खुलासा निघेपर्यंत अफवा पुढच्या गावी गेलेली असते. गोवरात हा उशीर परवडत नाही. लस न मिळालेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो आणि साथ रोखायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस पूर्ण व्हावे लागतात. एखाद्या पाड्यावरच्या थोड्या घरांनी लस नाकारली तरी तिथे साथीला वाट मिळते.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले, की नवी माहिती बहुधा जवळच्या माणसांकडून नव्हे, तर दुरून ओळख असलेल्यांकडून येते. कारण तेच दोन वेगळ्या गटांना जोडतात. सटाण्यात कांदा-डाळिंबाचे भाव सांगणाऱ्या पानाचा वाचक आणि साल्हेर-मुल्हेरकडच्या पाड्यावरचा वाचक एकच असेल असे नाही. आरोग्य विभागाचा खुलासा नाशिकच्या दैनिकात प्रमाण मराठीत छापून येतो. अफवा मात्र अहिराणीत, ओळखीच्या आवाजात येते. या दोन गटांना जोडणारे दुवे आधीच माहीत असतील, तर खुलासा नेमका तिथे आणि त्या बोलीत देता येईल.

प्रसाराच्या वाटा अरुंद करता येतात, हे व्हॉट्सअ‍ॅपनेही मान्य केले. जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा त्या कंपनीने जाहीर केली. एका रुग्णाकडून होणारी लागण कमी करण्यासारखाच हा उपाय आहे. पण वाट अरुंद केल्याने खरी माहिती आपोआप पोहोचत नाही. तिला वेगळी वाट करून द्यावी लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नकाशा बातमीची वाट दाखवतो, खरेखोटे ठरवत नाही. खासगी गटांत डोकावणे तर मुळीच योग्य नाही. शिवाय असा नकाशा प्रशासनाच्या हाती गेला, तर गैरसोयीच्या बातम्या देणाऱ्या छोट्या पत्रकारावर दबाव आणण्यासाठीही त्याचा वापर होईल, ही भीती रास्त आहे. म्हणून अभ्यास फक्त सर्वांसाठी खुल्या असलेल्या पानांचा आणि वाहिन्यांचा व्हावा, व्यक्तींची नावे त्यात नसावीत आणि तो पोलिसांनी नव्हे, तर शिक्षणसंस्थांनी करावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. स्थानिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना सोबत घेतले, तर एका तालुक्याचा असा नकाशा तयार करायला मोठा खर्च येणार नाही.

लशींचा साठा, शीतपेटी आणि बाळांची यादी आरोग्य विभाग लसीकरणाच्या दिवसाआधी तयार ठेवतो. खरी माहिती कोणामार्फत कुठे पोहोचते, याची यादीही त्याच तयारीत असावी. ती साथ आल्यावर करायला घेतली, तर तिचा उपयोग होणार नाही.