एक प्रकारचे जहाज

‘गुराब म्हणजे एक प्रकारचे जहाज, गलबत म्हणजे दुसऱ्या प्रकारचे जहाज.’ रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ शिकवताना आरमाराच्या प्रकरणापाशी आलो की आम्ही एवढे सांगून पुढे सरकतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि आम्ही त्यास गुणही देतो. मानोऱ्यासारख्या गावी हे सहज खपून जाते. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. वर्गातील बहुतेकांनी तो पाहिलेला नाही आणि आम्हीही पाहिला तो सहलीपुरताच. परंतु ‘एक प्रकारचे’ हा अर्थ नसून अर्थ टाळण्याची युक्ती आहे, हे आमच्या ध्यानात आले ते साहित्याबाहेरच्या एका छंदामुळे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सासमध्ये काही हौशी मंडळींनी हा छंद सुरू केला. इतिहासात होऊन गेलेल्या युद्धनौकांच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बांधायच्या आणि तळ्यात त्यांची लढाई लावायची. प्रमाण बहुधा १:१४४. म्हणजे २५१ मीटर लांबीची जर्मन ‘बिस्मार्क’ येथे पावणेदोन मीटरांची होते. सांगाड्यावर बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे पातळ पापुद्रे, पोटात बॅटरी, मोटर आणि पाणी उपसणारा पंप, वर कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणाऱ्या तोफा. त्यांतून सुटणारे धातूचे छर्रे बाल्सा भेदतात, पाणी आत शिरते, पंप हरला की नौका बुडते. मग ती वर काढायची, भोके बुजवायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची. काठावरच्यांनी मात्र डोळ्यांना संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे.

हा पोरखेळ आहे असे कुणी म्हणेल. आम्हांस मात्र यात वाचनाची एक कठोर शिस्त दिसते. काचेच्या कपाटातील प्रतिकृती बांधणाऱ्याचे अज्ञान सुखाने लपवू शकते; रंग आणि वार्निश यांखाली बरेच काही झाकले जाते. लढायला उतरलेल्या प्रतिकृतीस ती सवलत नाही. वजन कुठे ठेवले, सुकाणू किती मोठे केले, तोफ कोणत्या दिशेस बसवली, या प्रत्येक निर्णयाची परीक्षा पाणी घेते. आपल्या समीक्षेतील किती विधाने अशा परीक्षेस उतरतील?

आता गुराबेकडे येऊ. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ओर्म याने आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन केले आहे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांबीच्या मानाने ऐसपैस रुंदी, पाण्यात फार खोल न बुडणारा तळ आणि पुढे चोचीसारखी निघालेली नाळ. या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा असत. बाजूंच्या तोफा त्याहून लहान. गलबत आणखी हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते दोर बांधून गुराबांना ओढत शत्रूपर्यंत नेत.

हे वाचून कुणी प्रतिकृती बांधू लागला की त्याला पहिला प्रश्न पडतो: मोठ्या तोफा पुढे का? उत्तर तळ्यातच मिळते. तोफांची रांग बाजूला असलेल्या जहाजाच्या पाठीमागून येऊन समोरच्या तोफांनी मारा केला, तर त्याच्या बाजूच्या तोफा निकामी ठरतात. आणि येथेच ‘आज्ञापत्रा’कडे परत यावे लागते. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतील अशी अवजड जहाजे तर नकोतच, असे अमात्य सांगतात. वर्गात आम्ही या सूचनेस ‘लेखकाची समतोल दृष्टी’ असे नाव देऊन तिची शैली वाखाणीत आलो. वास्तविक तो शैलीचा विषयच नव्हता. वल्ह्यांनी ओढता येईल एवढेच जहाज बांधा, हा अनुभवाचा हिशेब होता. १६७९ साली खांदेरीच्या वेढ्यात वल्ह्यांच्या लहान मराठी होड्या इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चकवून बेटावर रसद पोचवीत होत्या. अमात्यांच्या वाक्यामागे असे अनुभव उभे आहेत.

अर्थात प्रतिकृती ही मूळ वस्तू नव्हे. तीस मीटरांची गुराब कल्पून १:२४ प्रमाणात बांधली तर ती सव्वा मीटरची होईल. परंतु तिचे वजन चोविसाव्या भागाने नव्हे, १३,८२४ व्या भागाने घटेल. वारा मात्र लहान होत नाही. म्हणून तळ मुळाबरहुकूम उथळ ठेवला तर ती शीड भरताच कलंडेल. तिला खाली मुळात नसलेले वजन द्यावे लागेल. भाषांतर करणाऱ्यास हा पेच नवा नाही. मुळाशी इमान राखण्यासाठीच कुठे मूळ सोडावे लागते, हे त्यास ठाऊक असते.

हे स्वप्नरंजन नव्हे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात काथ्याने फळ्या शिवून एक जहाज बांधले गेले. आराखडा उपलब्ध नव्हता; चित्राचा अर्थ लावीत, प्रतिकृतीच्या चाचण्या घेत ते उभे राहिले. मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात आले आणि डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. चित्र वाचणे म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

बुरूज, तट, बालेकिल्ला हे शब्द मराठी मुलांना सांगावे लागत नाहीत, कारण दिवाळीत त्यांनी ते चिखलाने लिंपलेले असतात. गुराब कुणी लिंपली नाही, म्हणून ती टिपेत पडून राहिली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याच्या स्पर्धा होतात. त्यांची वाट मराठी विभागावरून जात नाही, एवढेच.

आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या एका प्रकल्पात ‘आज्ञापत्रा’तील आरमाराचे प्रकरण घ्यावे आणि त्याबरोबर भौतिकशास्त्राच्या विभागास बोलवावे. सागवान आमच्या भागास परका नाही आणि शेततळी गावोगाव आहेत. छर्र्यांच्या तोफा नकोत. प्रतिस्पर्ध्याच्या पोटात पाणी भरणारी पिचकारी पुरे. पहिली गुराब बुडेल, बहुधा दुसरीही. बुडाली की विद्यार्थ्यास पुन्हा मजकुराकडे यावे लागेल आणि त्या वेळी तो परीक्षेसाठी वाचीत नसेल.

तोपर्यंत निदान आम्ही तरी एक करू. ‘एक प्रकारचे जहाज’ या उत्तरास यापुढे गुण देणार नाही. आणि त्या पहिल्या वर्षी आम्हांसही ते मिळणार नाहीत.