संडासाचा पाइप गोबरगॅसला जोडावा

मथळा वाचून हसू नका. ह्याच गोष्टीवरून माझ्या आजीने दोन दिवस अबोला धरला होता.

आमच्या परसात गोबरगॅस आहे. टाकी २ घनमीटरची. तिला रोज ५० किलो शेण लागते. पण एक म्हैस विकली, आता दोनच राहिल्या. दोघींचे मिळून शेण होते ३० किलो. त्यात थंडीत गॅस कमी होतो, कारण टाकीतल्या जंतूंना ऊब लागते. मग शेगडी मधेच फुसकन विझते आणि आई चूल पेटवते. तुराट्या ओल्या असल्या की घरभर धूर. आई खोकत खोकत भाकरी थापते.

संडास टाकीपासून दहा पावलांवर आहे. त्याचे सगळे पाणी शोषखड्ड्यात जाते. बाबा म्हणाले, पाइप टाकून ते टाकीत घेऊ. आजी म्हणाली, "असल्या गॅसवरची भाकरी मी तोंडात घालणार नाही. आणि देवाचा निवद तर नाहीच नाही." बाबा गप्प बसले. आजीपुढे ते नेहमी गप्पच बसतात. पाइप गोठ्यात पडून आहे.

माझे मत असे, की पाइप जोडावा.

गुरुजींनी सांगितले, टाकीत हवा नसते. तिथे जंतू घाण खातात आणि मिथेन नावाचा वायू तयार होतो. घाण खालीच राहते, फक्त वायू वर येतो. शेणाचा असो की संडासाचा, जळणारा वायू तोच. आजी म्हणते, गाईचे शेण पवित्र असते. पण आमच्या तर म्हशी आहेत!

मी हिशेब केला. एका माणसामागे दिवसाला साधारण १ घनफूट गॅस मिळतो. आम्ही घरात ७ माणसे, म्हणजे ७ घनफूट. त्यात लहान शेगडी अर्धा-पाऊण तास चालेल. सगळा स्वयंपाक होणार नाही, हे खरे. पण सकाळचा चहा आणि दूध तरी होईल. तेवढाच धूर कमी.

हे काही नवीन नाही. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते. कोकणात कणकवलीला आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करून दाखवले. आणि देहूला डॉ. मापुसकर होते, त्यांनी संडासावर चालणारा गॅस केला. त्याचे नाव मलप्रभा. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमची आजी माळकरी आहे. मी तिला म्हणाले, "आजी, हे तुझ्या देहूत झालंय." ती म्हणाली, "तुकोबांच्या देहूत?" मग पुढे काही बोलली नाही.

पण आजीचा एक प्रश्न मला पटला. ती म्हणाली, "टाकीतनं जे पाणी भाईर येईल, ते मेथीला घालणार का?" गुरुजी म्हणाले, आजींचे बरोबर आहे. त्या पाण्यात जंतांची अंडी जिवंत राहू शकतात. ते पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात टाकून काही महिने कुजवायचे, मग ते खत झाडांना घालायचे. मेथी-कोथिंबिरीला नाही. आणि संडासात फिनेल ओतायचे नाही, नाहीतर टाकीतले जंतू मरतात आणि गॅस बंद. पाणीपण बेताने ओतायचे. आमचा दादा दोन-दोन बादल्या ओततो, त्याला हे सांगावे लागेल.

काल मी आजीला विचारले, "निवद चुलीवरच करू. पण तुझा चहा गॅसवर केला तर?"

आजी म्हणाली, "आधी पाइप तर बसवा. गोठ्यात म्हशीच्या पायाखाली फुटंल तो."