‘आमच्या वेळी’ म्हणजे कोणाच्या वेळी?

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य पुण्याच्या पेठांत जितक्या सहजतेने उच्चारले जाते तितक्याच सहजतेने गाझियाबादच्या जुन्या बाजारपेठेतही. तेथील वडीलधारी माणसे सांगतात की हिंडन नदीचे पाणी ओंजळीने पिता येई, रात्री दारांना कड्या लागत नसत आणि शेजारच्या घरातले दुःख साऱ्या गल्लीचे असे. इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा येथील उंच इमारतींत नोकरीनिमित्त आलेली आणि येथेच निवृत्त झालेली मराठी माणसे या तक्रारीत आपला सूर मिसळतात. हिंडनच्या जागी कृष्णा येते आणि गल्लीच्या जागी वाडा किंवा चाळ येते, एवढाच काय तो फरक. ऐकणाऱ्याने मान डोलवावी अशी अपेक्षा असते आणि सौजन्यापोटी ती डोलवलीही जाते. परंतु हे विधान निव्वळ हळहळीचे नसते. त्यात कालचे जगणे चांगले, आजचे हीन, असा निकाल दिलेला असतो. निकाल म्हटला की त्यामागचा पुरावा मागण्याचा अधिकार आपोआप उत्पन्न होतो.

पहिला प्रश्न काळाचा आहे. ‘पूर्वी’ म्हणजे नेमके कधी? गाझियाबादपुरते बोलायचे तर जिल्ह्याच्या सरकारी इतिहासात नगराच्या स्थापनेचे वर्ष १७४० असे दिले जाते आणि वसवणाऱ्या वजीर गाजिउद्दीनच्या नावावरून ते ‘गाजिउद्दीननगर’ म्हणून ओळखले जाई. गाजिउद्दीन हेच नाव धारण करणारा इमाद-उल-मुल्क १७५४ मध्ये मराठ्यांच्या पाठबळावर वजीर झाला. त्याच वर्षी बादशहा अहमदशहाला पदच्युत करून आंधळे करण्यात आले आणि १७५९ मध्ये पुढच्या बादशहाचा, दुसऱ्या आलमगीराचा, खून झाला. मराठी माणसाला हा काळ अटकेपार गेलेल्या झेंड्यांचा म्हणून आठवतो. दुआबातील ज्या रयतेच्या शेतांवरून एकामागून एक फौजा गेल्या, तिला तो कशाचा म्हणून आठवला असेल, याचा विचार सहसा होत नाही. पुढे मे १८५७ मध्ये याच हिंडनच्या काठी क्रांतिकारकांची आणि इंग्रज फौजेची लढाई झाली. गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १४ नोव्हेंबर १९७६ रोजी, म्हणजे आणीबाणी चालू असताना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या दिल्लीत तुर्कमान गेटजवळची घरे पाडण्यात आली होती. यांपैकी कोणत्या वर्षी परत जायचे, हे ‘पूर्वी’चा कैवार घेणाऱ्याने सांगावे. तो सांगत नाही, कारण त्याच्या मनातील ‘पूर्वी’ हे कोणत्याही पंचांगात सापडत नाही. ते त्याचे स्वतःचे बालपण किंवा ऐन तारुण्य असते.

म्हणूनच हा सुवर्णकाळ प्रत्येक पिढीबरोबर पुढे सरकत राहतो. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू असताना रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, तेव्हा दूरचित्रवाणीने घरातला संवाद संपवला अशी तक्रार वडीलधारे करीत होते. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवण्यात आली, तेव्हा सारे घर एकत्र बसत असे त्या हरवलेल्या दिवसांची खूण म्हणून तिचे स्वागत झाले. ज्या गोष्टीने एका पिढीचा सुवर्णकाळ संपवला, तीच पुढच्या पिढीच्या सुवर्णकाळाचा पुरावा ठरली.

दुसरा प्रश्न मोजमापाचा आहे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या घरात होते. आज ते ७० च्या आसपास आहे. १९७१ मध्ये देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. १९५१ च्या जनगणनेत साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात नऊही नव्हते. २०११ मध्ये ते सुमारे ६५ होते. महाराष्ट्रातील ज्या पिढीला आपले तारुण्य सोनेरी वाटते, तिनेच १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा परदेशी मिलो खाल्ला आहे आणि दुष्काळी कामांवर उन्हात खडी फोडणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. बारशाआधीच पुरलेल्या भावंडांची नावे कोणाच्याच आठवणीत नसतात, कारण ती ठेवलेलीच नव्हती. गतकाळ गोड वाटतो याचे एक कारण असे की, त्याची साक्ष देण्यास त्यातून वाचलेलेच काय ते शिल्लक असतात.

यावर उत्तर ठरलेले असते. आकड्यांनी सुख मोजता येत नाही, माणसे गरीब असली तरी समाधानी होती, असे सांगितले जाते. हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. समाधान खरोखरच तक्त्यात मावत नाही. मग आकडे बाजूला ठेवून साक्षीच काढाव्यात. मात्र त्या सर्वांच्या काढाव्यात.

मराठीत अशी एक साक्ष १८५५ सालची आहे. पेशवाई बुडून तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील कोवळ्या वयाच्या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराच्या मस्तकाचा चेंडू कसा होई आणि वाड्यांच्या पायांत माणसे कशी पुरली जात, हे तिने त्यात सांगितले आणि तो काळ गेला हे बरे झाले, असा निवाडा दिला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, मुक्ताने पेशवाई स्वतः पाहिली नव्हती. तिच्याकडेही ती वडीलधाऱ्यांच्या आठवणींतूनच आली होती. आठवण दोन्हीकडे होती. पण वाड्याच्या ओसरीवर बसलेल्यांची आठवण निराळी आणि वाड्याच्या पायाशी असलेल्यांची निराळी. पहिलीला इतिहासाचा मान मिळाला आणि दुसरीला कोणी विचारले नाही. वाड्याचा गौरव आजही होतो आणि पायाचा प्रश्न आजही उपस्थित होत नाही.

एकत्र कुटुंबाच्या गौरवाचीही अशीच गत आहे. रमाबाई रानडे यांचे आत्मकथन १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाची पत्नी शिकू लागली, तेव्हा घरातल्याच बायकांकडून तिचा कसा छळ झाला, याचे त्यातील वर्णन ज्याने वाचले आहे त्याने एकत्र कुटुंबातील मायेविषयी बोलताना थोडे अडखळायला हवे. त्या कुटुंबात माया नव्हती असे नाही. परंतु त्या मायेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडत होता, हे हिशेबातून गाळले जाते. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या सुनेच्या श्रमावर ज्यांची सकाळ निवांत होत असे, त्यांना जुनी सकाळ निवांत वाटणे स्वाभाविक आहे. घरात पाइपाने पाणी आले, नोकरी करणारी सून संध्याकाळी उशिरा मेट्रोने घरी परतू लागली, तेव्हा घरपण हरवले असे ज्यांना वाटते, त्यांचे खरोखर काय हरवले? पुष्कळदा हरवलेली असते ती दुसऱ्याकडून विनामूल्य मिळणारी सेवा. ‘आमच्या वेळी’ हे शब्द अशा घरात आठवण म्हणून येत नाहीत, आज्ञा म्हणून येतात. मुलीने किती वाजेपर्यंत परतावे, कोणाशी लग्न करावे, कोणासमोर मोठ्याने बोलू नये, हे सारे त्या दोन शब्दांत सांगून होते आणि वाद घालायला जागा उरत नाही, कारण मृत काळाशी वाद घालता येत नाही.

तथापि येथवर केलेल्या युक्तिवादावरून आजचे सारे चांगले आणि कालचे सारे टाकाऊ असा निष्कर्ष काढणे हीही तितकीच आळशी वृत्ती ठरेल. गाझियाबादेत काही गोष्टी खरोखर गेल्या आहेत. हिंडन गेली आहे. शिवालिकच्या पायथ्याशी, सहारनपूर जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी साखर आणि कागद कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचे मैले आणि काली व कृष्णी या तितक्याच दूषित उपनद्या पोटात घेत यमुनेला मिळते. तिच्या काठी आलमगीरपूरला हडप्पा संस्कृतीची वस्ती होती. आज तिच्या पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. हवा गेली आहे. २०१९ च्या जागतिक हवा अहवालात सूक्ष्म धूलिकणांच्या वार्षिक सरासरीनुसार गाझियाबाद जगातील सर्वांत प्रदूषित शहर ठरले होते. कामही गेले आहे. साहिबाबादचा ‘ॲटलस’ सायकलींचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद पडला आणि शेकडो कामगार फाटकाबाहेर राहिले. मकनपूरसारख्या गावांच्या ज्या शेतांवर इंदिरापुरम उभे राहिले, तेथील शेतकऱ्याने जुन्या दिवसांविषयी बोलावे आणि त्याला स्मरणरंजन म्हणून हसावे, हा निर्दयपणा होईल.

गतकाळाच्या कैवाऱ्यांवरचा खरा आरोप येथेच ठेवावा लागतो. त्यांची हळहळ खोटी आहे असे नव्हे. ती खऱ्या हानीचाही बचाव बिघडवते, हा तो आरोप आहे. सुनेने डोक्यावरचा पदर सोडला आणि नदी काळी पडली, या दोन गोष्टी एकाच सुस्काऱ्यात गुंफल्या की दोन्हींचे कारण एकच ठरते: काळ बदलला. काळावर खटला भरता येत नाही. परंतु हिंडन काळाने दूषित केलेली नाही. ती विशिष्ट नाल्यांनी, विशिष्ट परवान्यांनी आणि विशिष्ट डोळेझाकीने दूषित केली आहे. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा देशात १९७४ पासून आहे, हवेविषयीचा १९८१ पासून. म्हणजे ज्या वर्षांत हे पाणी काळे होत गेले, त्या वर्षांत कायदा अस्तित्वात होता आणि कचेऱ्यांत, कारखान्यांत, नगरपालिकांत कर्त्या जागांवर होती तीच पिढी, जी आज ओंजळीने पाणी प्यायल्याची आठवण सांगते. नातवंडांनी ही नदी नासवलेली नाही. त्यांना ती तशीच मिळाली. ‘आमच्या वेळी नदी स्वच्छ होती’ या वाक्याचा उत्तरार्ध ‘आणि आमच्याच वेळी ती घाण झाली’ असा आहे, आणि तो कधी उच्चारला जात नाही.

आठवणीचा याहून चांगला उपयोग होऊ शकतो आणि तो याच खोऱ्यात झालेला आहे. काली, कृष्णी आणि हिंडनच्या काठच्या गावांतील हातपंपांचे पाणी विषारी झाल्याची तक्रार घेऊन दोआबा पर्यावरण समिती ही संस्था २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. सहारनपूरपासून गाझियाबादपर्यंतच्या सहा जिल्ह्यांचा तो प्रश्न होता. लवादाने दूषित हातपंप बंद करण्याचे आणि गावांना शुद्ध पाणी पुरवण्याचे आदेश दिले. त्यांनी नदी शुद्ध झाली नाही, हे खरे. परंतु त्या अर्जात पूर्वीचे पाणी आणि आजचे पाणी यांची तुलना सुस्कारा म्हणून आलेली नाही, पुरावा म्हणून आली आहे. गाव कोणते, पंप कोणता, त्यात कोणते द्रव्य आणि कोणाच्या नाल्यातून, असे बोलल्यावर आठवणीला साक्षीचे मोल येते.

तेव्हा गतकाळाची थोरवी गाणाऱ्यांना इतकेच विचारावे: जी गोष्ट गेली तिचे नाव सांगा, ती कोणत्या वर्षी होती ते सांगा, तिची किंमत तेव्हा कोण भरत होते ते सांगा आणि ती कोणी घालवली तेही सांगा. जे या चार प्रश्नांना टिकेल ते परत मागावे, आणि ते मागताना तरुण पिढी खांद्याला खांदा लावून उभी राहील. कारण काळी हिंडन आणि नासलेली हवा तिच्याच वाट्याला आली आहे. जे टिकणार नाही, ते बहुधा कोणाच्या तरी सुनेचे, कोणाच्या तरी गड्याचे, कोणा मुक्ताच्या आजोबांचे हिरावून घेतलेले असेल. ते परत मिळणार नाही आणि मिळूही नये.