'पिकअप' आपला, पण कुणासाठी?

आमच्या बुरोंडीत दिवसभरात 'पिकअप' हा शब्द किती वेळा कानावर पडतो ते मोजायला बसलं, तर जेवणवेळेपर्यंतच हाताची बोटं संपतील. आंब्याच्या पेट्या न्यायला सकाळी 'पिकअप' येते. एसटीसाठी माणसं उभी राहतात ती 'पिकअप शेड'मध्ये. चढणीवर मोटारसायकल दमली की मुलगा कुरकुरतो, "हिला पिकअपच नाही." दापोलीला कॉलेजात जाणारी लेक बजावते, "फोन केला की लगेच पिकअप कर हां, आई." पर्यटकांना 'पिकअप पॉइंट' हवा असतो. आणि भाव वर सरकत नसला की बागायतदार म्हणतात, "मार्केटने अजून पिकअप घेतला नाही." एवढासा शब्द, पण कामं सहा. घरातल्या बाईसारखाच म्हणा ना!

मूळ इंग्रजीत हे दोन शब्द. 'पिक' म्हणजे खुडणं, वेचणं, निवडणं. 'अप' म्हणजे वर. दोघांची जोडी जमली की अर्थ कुठल्या कुठे जातो. खाली पडलेलं उचलणं, वाटेवरच्या माणसाला गाडीत घेणं, धंद्याने जोर धरणं, ऐकून ऐकून एखादी भाषा शिकणं, सगळं 'पिकअप'च. शाळेत असल्या जोड्या पाठ करताना आपल्या पोटात गोळा यायचा. पण मैत्रिणींनो, आपली मराठी तरी काय कमी आहे? 'करून टाक', 'करून ठेव', 'करून दे', 'करून बघ' यांतला फरक एखाद्या इंग्रजाला समजावून सांगा बरं! "भाकऱ्या करून ठेव" म्हटलं की कुणीतरी उशिरा जेवायला येणार आहे, आणि "भाकऱ्या करून टाक" म्हटलं की काम एकदाचं उरकायचंय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. आपण ते चुलीपुढेच शिकतो.

'उचलणं'ही तसंच. होडीवरचा खलाशी हंगामाआधी पैसे घेतो ती 'उचल'. पोलिसांनी कुणाला पकडलं तर 'उचलला'. विचार न करता बोलणाऱ्याची उचलली जीभ टाळ्याला लागते. म्हणजे 'पिकअप' आपल्याकडे आला तो तयार अंगणात आला. आल्यावर त्याने आपले नियमही पाळले. आंबे नेणारी ती पिकअप, कारण गाडी 'ती'. मोटारसायकलचा तो पिकअप, कारण जोर 'तो'. हे कुणी ठरवलं? कुठल्या समितीने नाही, बोलणाऱ्यांनीच ठरवलं.

यावर काहीजण नाकं मुरडतात. एक बाजू म्हणते, मराठीत इंग्रजी शब्द नकोतच. हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचे मोठे पुरस्कर्ते होते. 'महापौर' हा त्यांनी दिलेला शब्द आज सगळे सहज वापरतात. त्याही आधी, शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला होता. चांगला पर्याय मिळाला तर घ्यावाच. पण पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आता कोण परके मानतं?

दुसरी बाजू उलटी. ती आपल्या इंग्रजीला हसते. आमच्या बचत गटातल्या एकीने पाहुण्यांना रस्ता सांगताना "पिकअप शेडपासून डावीकडे" असं सांगितलं, तर त्यांच्यातली एक मुलगी हसून म्हणाली, "काकी, बस स्टॉप म्हणा." त्यानंतर ही बाई पाहुण्यांशी बोलायलाच कचरू लागली. मला वाईट वाटलं ते याचं. अहो, ज्या शेडवर रंगाने 'पिकअप शेड' असं लिहिलंय तिला दुसरं काय म्हणायचं? तो शब्द चुकीचा इंग्रजी नाही, तो बरोबर मराठी आहे.

म्हणून शब्द कुठून आला याची मला काळजी नाही. तो बोलल्याप्रमाणे वागतो का, याची आहे. पिकअप शेड म्हणजे जिथून माणसाला उचलून नेलं जातं ती जागा. आता आजूबाजूच्या गावांतल्या शेड आठवून बघा. कुणाच्या निधीतून बांधली ते मोठ्या अक्षरांत, एसटीचं वेळापत्रक मात्र कुठेच नाही. दिवा नाही. संध्याकाळी आत टोळकं बसलेलं, म्हणून बायका बाहेर पावसात छत्री धरून उभ्या. आंब्याची पेटी थेट बागेतून उचलली जाते आणि तापलेलं पोर कडेवर घेतलेली आई तासभर वाट बघत राहते. मालाला पिकअप आहे, बाईला नुसती शेड आहे.

असं का होतं, तेही समजून घेऊ या. शेड एकदा बांधली की काम संपलं. फीत कापता येते, फोटो निघतो. बसची फेरी मात्र रोज चालवावी लागते. त्याला रोज चालक, वाहक, डिझेल लागतं, आणि रोजच्या फेरीची फीत कुणी कापत नाही. १९४८ साली सुरू झालेली एसटी हाच गावातल्या बाईचा आधार राहिला आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट झालं, ही मोठीच सोय झाली. पण गाडी आली तरच निम्म्या तिकिटाचा उपयोग! २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा ज्यांच्या घरी गाडी नव्हती त्यांना, म्हणजे मुख्यतः बायकांना आणि शाळकरी मुलींना, एसटीची किंमत चांगलीच कळली.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, ही कायद्यातली तरतूद आहे. बऱ्याचदा ती सह्यांपुरती उरते. पुढच्या सभेत आपण हाच विषय घेऊ या. शेडमध्ये वेळापत्रकाचा फलक, एक दिवा, बसायला धड बाक आणि संध्याकाळी बाईला आत निर्धास्त उभं राहता येईल अशी व्यवस्था, एवढंच मागायचं. कुठली फेरी वेळेवर येत नाही ते पंधरा दिवस वहीत टिपायचं आणि ती वही अर्जासोबत आगारात द्यायची. तोंडी तक्रार हवेत विरते, तारीख-वार लिहिलेली तक्रार सहज टाळता येत नाही.

आणि त्या अर्जात 'प्रवासी निवारा' असा भारदस्त शब्द शोधत बसू नका. सरळ 'पिकअप शेड' लिहा. शब्द आपलाच आहे. त्यात सांगितलेलं काम तेवढं आता करून घ्यायचं आहे.